पेजमेकरवर ज्याचा चेहरा होता, तो अल्डस नेमका होता कोण?

१९९० च्या दशकात महाराष्ट्रातल्या जवळपास कुठल्याही तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या किंवा कोर्टाच्या आसपास एक पाटी दिसायची. झेरॉक्स, लॅमिनेशन, डीटीपी. आत एक कॉम्प्युटर, त्यात पेजमेकर आणि मराठीसाठी पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, नाहीतर सी-डॅकचं आयएसएम. लग्नपत्रिका, पतसंस्थेचा अहवाल, मोटारपंपासोबत येणारी माहितीपुस्तिका, गणेश मंडळाची स्मरणिका, सगळं त्याच एका मशीनवर जुळायचं.

या सॉफ्टवेअरच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचं पूर्ण नाव होतं अल्डस पेजमेकर. कंपनीच्या लोगोत एका माणसाचा बाजूनं दिसणारा चेहरा होता. पेजमेकर १९८५ मध्ये बाजारात आलं, तेव्हा त्या माणसाला जाऊन ४७० वर्षं झाली होती.

हातात मावणारं पुस्तक, पानांवरचे आकडे, तिरका टाइप, अर्धविराम. आज यातल्या कशाकडेच कुणाचं लक्ष जात नाही. पण यातल्या काही गोष्टी त्याच्या छापखान्यातून पहिल्यांदा बाहेर पडल्या आणि काही तिथून जगभर रुळल्या. गंमत म्हणजे हा माणूस मूळचा छापखानेवाला नव्हताच. तो मास्तर होता.

अल्डस मॅन्युशियसचा जन्म १४५० च्या आसपासचा, रोमच्या दक्षिणेला डोंगरात असलेल्या बास्सियानो नावाच्या लहानशा गावातला. रोममध्ये तो लॅटिन शिकला, मग फेरारा शहरात जाऊन ग्रीक शिकला. पुढे कार्पी या छोट्या संस्थानात राजघराण्यातल्या दोन मुलांना शिकवायची नोकरी मिळाली. काम मानाचं होतं आणि पोटापाण्याची चिंता नव्हती. अडचण होती ती पुस्तकांची.

युरोपात छपाई सुरू होऊन तेव्हा तीसेक वर्षं झाली होती. लॅटिन पुस्तकं बऱ्यापैकी मिळायची, पण ग्रीक फारच कमी छापलं जायचं. ॲरिस्टॉटल, प्लेटो मूळ भाषेत वाचायचे तर हातानं लिहिलेली प्रत शोधावी लागे आणि ती सापडायची एखाद्या श्रीमंताच्या किंवा धर्मगुरूच्या कपाटात. ग्रीक शिकवायचं ठरवलं तरी विद्यार्थ्यांच्या हातात द्यायला काही नाही, अशी मास्तरची अवस्था. दुसरीकडे १४५३ मध्ये तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल जिंकल्यावर बरेच ग्रीक पंडित इटलीत आले होते. त्यांच्याजवळ हस्तलिखितं होती आणि भाषा होती. त्यांच्यातले पुष्कळ जण व्हेनिसला स्थिरावले. छापखान्यांचं सगळ्यात मोठं केंद्रही तेव्हा व्हेनिसच होतं.

अल्डसनं १४९० च्या सुमारास व्हेनिस गाठलं. वय चाळिशीचं, छपाईचा अनुभव शून्य. तिथं १४९३ मध्ये त्यानं लिहिलेलं लॅटिन व्याकरण आंद्रेआ तोर्रेझानी या मुरलेल्या छापखानेवाल्यानं छापलं. मग भागीदारी ठरली. छपाई आणि विक्रीचा अनुभव तोर्रेझानीचा, मोठं भांडवल व्हेनिसच्या एका माजी राज्यप्रमुखाचा मुलगा असलेल्या पिएरफ्रान्चेस्को बार्बारिगोचं आणि डोकं अल्डसचं. पुस्तकांवर नाव अल्डसचं लागायचं, पण धंद्यातला सगळ्यात लहान वाटाही त्याचाच होता. त्याच्याबद्दल वाचताना हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढं ज्याला त्याचा दूरदर्शीपणा म्हणतात, त्यातला बराचसा भाग उधारीच्या पैशावर काम करणाऱ्या माणसाचा नाइलाजही होता.

१४९५ मध्ये या छापखान्याचं पहिलं तारीखवार पुस्तक निघालं. महाकाव्य नाही, तत्त्वज्ञान नाही. कॉन्स्टंटाइन लास्कारिसचं ग्रीक व्याकरण. म्हणजे शिकणाऱ्यासाठीचं मॅन्युअलच. आधी भाषा शिकवणारं पुस्तक विकायचं, म्हणजे पुढची पुस्तकं वाचणारे तयार होतील, हा अगदी मास्तरी हिशेब. त्यानंतर १४९५ ते १४९८ या काळात त्यानं ॲरिस्टॉटल मूळ ग्रीकमध्ये पाच जाडजूड खंडांत छापला.

ग्रीक छापणं म्हणजे काय दिव्य होतं, हे मराठी माणसाला पटकन कळेल. देवनागरीच्या जुन्या छापखान्यात क्त, द्ध, श्च, ह्म अशा जोडाक्षरांचे आणि मात्रांचे वेगवेगळे खिळे ठेवावे लागत. इंग्रजीची खिळ्यांची पेटी आणि मराठीची पेटी यांच्या आकारात त्यामुळे केवढा फरक असे. त्या काळच्या हस्ताक्षराबरहुकूम ग्रीक छापायचं तर तीच तऱ्हा होती. अक्षरं एकमेकांत गुंतलेली, वर स्वरांच्या खुणा. अल्डसच्या ग्रीक टाइपाला त्यामुळे शेकडो निरनिराळे खिळे लागले.

हे खिळे घडवणारा कारागीर होता फ्रान्चेस्को ग्रिफो, बोलोन्याचा. पोलादाच्या कांडीच्या टोकावर उलटं अक्षर कोरायचं, ते तांब्यात ठोकून साचा करायचा आणि त्या साच्यात शिशाचा मिश्रधातू ओतून खिळे काढायचे. अक्षराची उंची काही मिलिमीटर. आणि चुकलं तर मागं जायची सोय अजिबातच नाही. १४९६ मध्ये पिएत्रो बेंबो या तरुण लेखकाचं एटना ज्वालामुखीच्या सफरीवरचं छोटं पुस्तक निघालं. साठ पानांचं, आकारानं पुस्तिकाच म्हणा. त्यासाठी ग्रिफोनं कोरलेला सरळ रोमन टाइप इतका नितळ होता की पुढच्या शतकात फ्रान्सच्या कारागिरांनी तोच समोर ठेवून आपले टाइप घडवले. आजच्या रूपातला अर्धविराम छापील पुस्तकात पहिल्यांदा इथंच दिसला असं मानतात.

दरम्यान अल्डसचं लक्ष पानाच्या मांडणीकडे होतं. आज डीटीपी करणारा माणूस ज्याला लेआउट म्हणतो, तेच. ग्रीक शिकणाऱ्याला डावीकडे ग्रीक आणि उजवीकडे त्याचं लॅटिन भाषांतर दिसलं तर किती बरं, हे मास्तरला माहीत होतं. पण ज्याला फक्त ग्रीक हवं त्याच्यावर भाषांतराचा भार कशाला? म्हणून काही पुस्तकांत त्यानं दोन्ही मजकूर वेगवेगळ्या कागदांवर असे छापले, की घड्या एकात एक घातल्या तर समोरासमोर भाषांतर यावं आणि लॅटिनचे कागद काढून टाकले तरी ग्रीक पुस्तक सलग राहावं. कोणतं पान कुठं छापलं म्हणजे घडी घातल्यावर कुठं येईल, याचं पक्कं गणित असल्याशिवाय हे जमत नाही.

१४९९ मध्ये लॅटिन शब्दांची उकल करणारा पेरोत्तीचा जाडा ग्रंथ काढताना त्यानं पानाच्या दोन्ही बाजूंना आकडे घातले आणि ओळींनाही आकडे दिले. सूचीत शब्द बघा, पान आणि ओळ शोधा, बास. त्याआधी आकडे असलेच तर बहुधा पूर्ण पत्राला एकच, पुढच्या-मागच्या बाजूला मिळून, आपल्या पोथ्यांसारखे. ज्या पुस्तकात काहीतरी शोधायचं असतं, मग तो कोश असो की वॉशिंग मशीनसोबत येणारं मॅन्युअल, त्याचा निम्मा जीव या आकड्यांत असतो.

आता १५०१. याच वर्षानं अल्डसला अमर केलं.

तोपर्यंत गंभीर पुस्तक म्हणजे मोठा थोरला ग्रंथ. मध्ये मूळ मजकूर आणि चारही बाजूंनी टीकाकारांची भाष्यं दाटीवाटीनं. वाचायला उतरतं मेज लागे. अल्डसनं रोमन कवी व्हर्जिल घेतला, सगळी भाष्यं काढून टाकली आणि फक्त कविता ठेवली. आणि ती छापली ऑक्टेव्हो आकारात.

ऑक्टेव्हो म्हणजे अष्टमांश. मराठी प्रकाशक आजही पुस्तकाचा आकार डेमी १/८ किंवा क्राउन १/८ असा सांगतात, तो आठ हाच. एका मोठ्या कागदाच्या एका बाजूला आठ पानं छापायची, पाठीवर आठ. मग कागदाला तीन वेळा घडी घालायची. आठ पत्रं, सोळा पानं, एक फर्मा तयार. पण छापताना पानं क्रमानं लावून चालत नाही. एका बाजूला १, ४, ५, ८, ९, १२, १३, १६ येतात आणि उरलेली पाठीवर. त्यातली निम्मी डोकं खाली करून. पहिल्याच्या शेजारी सोळावं येतं, आठव्याच्या शेजारी नववं. शेजारच्या जोडीची बेरीज नेहमी सतरा. घरी एक कागद तीन वेळा दुमडा, कोपऱ्यांवर क्रमानं आकडे टाका आणि उलगडून बघा, लगेच उमजेल.

ए-फोर कागद मधोमध दुमडून आठ पानांची पुस्तिका करताना डीटीपीवाला हेच करतो. पहिल्या कागदावर ८ आणि १, पाठीवर २ आणि ७. दुसऱ्या कागदावर ६ आणि ३, पाठीवर ४ आणि ५. बेरीज नऊ. पेजमेकरच्या पुढच्या आवृत्त्यांत हे आपोआप लावून देणारी सोय आली. अल्डसच्या दुकानात ती डोक्यानं आणि हातानं करत. चुकू नये म्हणून प्रत्येक फर्म्याच्या तळाशी खुणेची अक्षरं छापत आणि पुस्तकाच्या शेवटी त्यांची यादी देत, बांधणाऱ्यासाठी.

हा आकार अल्डसनं शोधला, असं पुष्कळदा लिहिलं जातं. ते खरं नाही. ऑक्टेव्हो आधीही होता, पण तो मुख्यतः प्रार्थनेच्या पुस्तकांसाठी. भक्त जसं स्तोत्राचं पुस्तक जवळ बाळगतो, तसं अभिजात साहित्य बाळगता यावं, ही कल्पना त्याची. साधारण १५-१६ सेंटीमीटर उंचीचं पुस्तक, घोड्यावर, बोटीत, बागेत कुठंही नेता येणारं. शेकड्यांत प्रती निघायच्या त्या काळात ही पुस्तकं हजारांच्या घरात छापली गेली. व्हर्जिलच्या मागोमाग होरेस, पेत्रार्क, दान्ते निघाले.

या व्हर्जिलसाठी ग्रिफोनं आणखी एक टाइप कोरला होता. तिरका, जलद लिहिलेल्या सुंदर हस्ताक्षरासारखा. आज आपण ज्याला इटॅलिक म्हणतो तो. सध्या तो एखाद्या शब्दावर जोर द्यायला वापरतात, पण तेव्हा आख्खं पुस्तकच त्यात छापलेलं होतं. आणखी एक मजा म्हणजे त्यातली कॅपिटल अक्षरं सरळच उभी आहेत, तिरकी फक्त छोटी अक्षरं.

व्हर्जिलच्या सुरुवातीला अल्डसनं ग्रिफोच्या हातांचं कौतुक करणाऱ्या दोन-तीन ओळी छापल्या. त्या काळात टाइप कोरणाऱ्याचं नाव पुस्तकात येणं ही दुर्मीळ गोष्ट. पण हक्काचा प्रश्न आला तेव्हा चित्र वेगळं होतं. या टाइपाचा एकाधिकार अल्डसनं व्हेनिसच्या सरकारकडून स्वतःच्या नावावर मिळवला, पुढं पोपकडूनही संरक्षण घेतलं. परिणाम असा, की ज्यानं ही अक्षरं घडवली त्या ग्रिफोलाच व्हेनिसमध्ये ती दुसऱ्या कुणासाठी कोरता येईनात. १५०२ च्या सुमारास दोघांचं बिनसलं आणि ग्रिफो निघून गेला. १५०३ मध्ये गेर्शोम सोन्चिनो या ज्यू मुद्रकानं आपल्या पेत्रार्कच्या प्रस्तावनेत उघडच लिहिलं, की अल्डसची सगळी अक्षरं ग्रिफोच्या हातची आहेत आणि श्रेय मात्र दुसराच घेतोय. अल्डसची बाजू घ्यायची तर पैसा आणि जोखीम त्याची कंपनी उचलत होती. तरीही सोन्चिनोचा मुद्दा खोडता येत नाही.

ग्रिफोनं नंतर बोलोन्याला स्वतःचा छापखाना काढला आणि १५१६ मध्ये अगदी चिमुकल्या आकाराची पुस्तकं छापली. त्याच सुमारास जावयाच्या खुनाचा आरोप त्याच्यावर आला. लोखंडी कांडीनं मारल्याचा. त्यानंतर त्याचा माग लागत नाही.

एकाधिकार असूनही अल्डसला पायरसी थांबवता आली नाही. फ्रान्समधल्या ल्यों शहरात व्हेनिसचा कायदा चालत नव्हता. तिथल्या छापखान्यांनी तोच आकार, तसाच तिरका टाइप आणि तोच मजकूर घेऊन पुस्तकं काढली. ना तारीख, ना गाव, ना छापणाऱ्याचं नाव. वैतागलेल्या अल्डसनं मार्च १५०३ मध्ये एक जाहीर इशारा छापला. बनावट प्रत कशी ओळखायची ते त्यात सविस्तर होतं. कागद हलका आहे, त्याला वास येतो, अक्षरं नीट जुळलेली नाहीत, आणि अमुक पुस्तकात अमुक ठिकाणी अमुक चूक आहे. ल्योंवाल्यांनी ती यादी समोर ठेवली आणि त्यातल्या चुका दुरुस्त करून नवी छपाई केली. मुद्रितशोधन फुकटात झालं.

अल्डसनं १५०२ पासून आपल्या पुस्तकांवर एक चिन्हही छापायला सुरुवात केली. नांगराला वेटोळं घातलेला डॉल्फिन. एका जुन्या रोमन नाण्यावरून घेतलेलं. डॉल्फिन वेगाचा, नांगर स्थिरपणाचा, म्हणजे घाई करायची पण सावकाश. वर्षाला डझनभर पुस्तकं काढायची आणि प्रत्येकातली ग्रीक खूणही तपासायची, अशा कामाला हे चिन्ह शोभून दिसायचं.

दुकानात माणसांचा राबता प्रचंड. कामाचे थोडे, गप्पा मारायला आलेलेच जास्त. शेवटी त्यानं दारावर सूचनाच लावली, की कामाचं थोडक्यात बोला आणि निघा, नाहीतर आत येऊन हात लावा. इरॅस्मस हा डच विद्वान तसा हात लावणाऱ्यांपैकी. १५०८ मध्ये त्याचा म्हणींचा मोठा संग्रह इथं छापला गेला. तीन हजारांहून जास्त म्हणी. दुकानाच्या एका कोपऱ्यात तो लिहायचा आणि तिकडं जुळारी खिळे लावायचे. तो राहायला तोर्रेझानीच्या घरी होता. अल्डसनं १५०५ मध्ये तोर्रेझानीच्याच मुलीशी, मारियाशी लग्न केलं होतं, त्यामुळे सगळं खटलं एकत्रच. पुढं कैक वर्षांनी इरॅस्मसनं त्या घरातल्या पाणचट दारूची आणि निकृष्ट जेवणाची एका लेखनात यथेच्छ टर उडवली. काम मात्र तिथं मन लावून केलं होतं.

१५०९ मध्ये पोप, फ्रान्स, स्पेन आणि जर्मन सम्राट मिळून व्हेनिसवर उठले. धंदा बसला. अल्डस छापखाना बंद करून कुटुंबासह बाहेर पडला आणि जवळजवळ तीन वर्षं इकडंतिकडं फिरत राहिला. १५१२ मध्ये परत येऊन त्यानं पुन्हा यंत्रं सुरू केली. १५१३ मध्ये प्लेटोचे सगळे संवाद मूळ ग्रीकमध्ये पहिल्यांदा छापून निघाले. कार्पीच्या शिकवणीत ज्या पुस्तकांची उणीव होती, त्यांतलं हे बहुधा सगळ्यात मोठं. त्याच्या संपादनात मार्कुस मुसुरुस या क्रीट बेटावरून आलेल्या पंडिताचा मोठा हात होता.

६ फेब्रुवारी १५१५ ला अल्डस गेला. सान पातेर्नियान चर्चमध्ये त्याचा देह ठेवला, तेव्हा भोवती त्यानंच छापलेली पुस्तकं रचली होती. ते चर्च पुढं पाडलं गेलं. आज तिथं काम्पो मानिन हा चौक आहे. छापखाना आधी तोर्रेझानींनी, मग मुलगा पाओलोनं आणि नंतर नातवानं चालवला. १५९७ मध्ये नातू वारला आणि घराण्याचा छापखाना संपला.

नाव पुन्हा वर आलं ते अमेरिकेत सिॲटलला. पॉल ब्रेनर्ड वर्तमानपत्रांसाठी कॉम्प्युटर यंत्रणा बनवणाऱ्या एका कंपनीत होता. ती नोकरी गेल्यावर त्यानं १९८४ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि नाव ठेवलं अल्डस. पुढच्याच वर्षी पेजमेकर आलं. ॲपलचा मॅकिंटॉश, लेसर प्रिंटर आणि ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा यांच्या जोडीला हे सॉफ्टवेअर बसलं आणि आजवर जुळारी, ब्रोमाइड, कात्री आणि डिंक यांत विभागलेलं काम एका टेबलावर आलं. डेस्कटॉप पब्लिशिंग हा शब्दही ब्रेनर्डनंच रूढ केला.

१९९४ मध्ये ॲडोबीनं अल्डस कंपनी आपल्यात मिसळून घेतली आणि सॉफ्टवेअरवरून ते नाव उतरलं. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. त्याची जागा घेणाऱ्या इनडिझाइनमध्ये पुस्तिका छापण्याची वेगळी सोय आहे, आणि जोड्यांची बेरीज अजून तीच लागते.

१४९६ च्या त्या ज्वालामुखीच्या पुस्तिकेतला सरळ टाइप १९२९ मध्ये इंग्लंडच्या मोनोटाइप कंपनीनं नव्यानं घडवला. तो अजूनही पुस्तकांत वापरला जातो आणि कॉम्प्युटरवर विकतही मिळतो. त्याला नाव मिळालं ते पुस्तकाच्या लेखकाचं, बेंबो.